मालकांची धूळ

काचेच्या टोकावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून ज्युनियरने ती स्लाइड डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली आणि उजव्या हाताची मूठ घट्ट मिटून तो त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"फुफ्फुस आहे," तो म्हणाला. "बदललेलं."

"ते दिसेलच. तू आधी बस. मागे कोणी उभं राहिलं की मला परीक्षा दिल्यासारखं वाटतं."

तो बसला, पण स्टुलाच्या अगदी कडेवर. मूठ त्याने मांडीवर ठेवली.

पट्टीची ही पद्धत विभागप्रमुखांनी घालून दिलेली होती. बदललेल्या, म्हणजे दुसऱ्याचे काढून रुग्णाला बसवलेल्या फुफ्फुसाचा तुकडा तपासणीला आला की तो दोघांनी वेगवेगळा पाहायचा. पाहताना दुसऱ्याला रुग्णाचे नाव, वय, आजाराचा इतिहास, काही म्हणजे काही ठाऊक असता कामा नये. ठाऊक असले की डोळा नेमके तेच शोधू लागतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून नावावर पट्टी. आणि पहिल्याने आपले मत आधीच तळहातावर लिहून मूठ मिटायची, म्हणजे मोठ्यांचे ऐकून लहानांचे मत फिरत नाही. पूर्वी चिठ्ठ्या असत, तेव्हा त्या खिशातल्या खिशात बदलल्या जात. आमच्याकडे रुग्णाचे भविष्य खरोखरच तळहातावर लिहिलेले असते, असे विभागात सगळे हसून म्हणत. पण पद्धत कोणी मोडत नसे.

बाईंनी मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे. मानेतला एक मणका सवयीने कटकन वाजला. शेजारच्या ट्रेमधल्या बहुतेक स्लाइड पाहून झाल्या होत्या. खिडकीबाहेरचे ऊन समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर गेले होते आणि टेबलावरच्या चहावर साय धरली होती. त्यांचा थकवा आता झोपेने जाणारा राहिला नव्हता. माणसाच्या शरीरात काय शिजते आहे ते सगळ्यांत आधी त्यांना कळे, आणि ज्याचे शरीर त्याला सगळ्यांत शेवटी. सांगण्याचे काम त्यांचे नव्हते. सांगणारे डॉक्टर वेगळे, त्यांच्या खोल्यांत खुर्च्या असत, पाण्याचा पेला असे, कागदी रुमालांची पेटी असे. बाईंच्या खोलीत नुसते कळणे होते. इतकी वर्षे कळत राहिल्यावर माणूस कुठेतरी आतून वाकतो, तसे त्यांचे झाले होते.

त्यातून त्यांच्या घरातच एक बदललेले फुफ्फुस राहत होते. धाकट्या भावाचे. त्याची स्वतःची फुफ्फुसे कारण न सांगता हळूहळू निबर होत गेली आणि शेवटी कुणा अनोळखी माणसाची त्याला बसवावी लागली, तेव्हापासून तो बाईंकडेच राहायला आला होता. त्याने लग्न केले नव्हते, बाईंचे यजमान जाऊन बराच काळ झाला होता. दोघे एकमेकांना पुरत होते. त्याचे तुकडे तपासणीला आले की ते बाईंकडे यायचे नाहीत, ज्युनियरने आणि विभागप्रमुखांनी पाहायचे, हे पहिल्या दिवशीच ठरले होते. परवाच नळी घालून त्याच्या छातीतून तुकडे काढले होते. सकाळी येताना विभागप्रमुख सरांची छत्री दाराशी टेकवलेली दिसली होती, तेव्हा धाकट्याचे काय ते सकाळीच पाहून झाले असेल, असे बाईंनी धरून टाकले आणि तो विषय डोक्यातून बाजूला सारला. बाजूला सारणे हीसुद्धा एक मेहनत असते.

त्यांनी स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि सर्वांत लहान भिंगापासून सुरुवात केली.

निरोगी फुफ्फुस या भिंगाखाली सैल विणलेल्या शालीसारखे दिसते. धागा थोडा, भोके जास्त. आणि जे काही महत्त्वाचे ते भोकांतच. या तुकड्यांतले विणकाम बरेचसे शाबूत होते. बाईंना उगीचच बरे वाटले. मग एका बारीक रक्तवाहिनीशी त्या थांबल्या. तिच्याभोवती गडद जांभळ्या ठिपक्यांचे पातळ कडे होते. गल्लीत नवखा माणूस शिरला की चारजण आपापल्या दारातून बाहेर येऊन उभे राहतात, हात मागे बांधून, तसे. बाईंना या पेशींचा राग कधी आला नाही. त्यांचे चुकत काहीच नसते. परके ते परके म्हणून ओळखणे हेच त्यांचे काम, आणि ते त्या इमानाने करतात. रोजच्या गोळ्या देऊन त्यांना पेंगत ठेवायचे, एवढेच माणसाच्या हातात. कधी त्या जाग्या होतात. त्याला विभागाच्या भाषेत 'ए' म्हणत. जाग्या झालेल्यांना औषधाचा मोठा डोस देऊन पुन्हा झोपवता येते, जमाव पांगतो.

"ए आहे," बाई पुटपुटल्या. "सौम्य. पाहू पुढे."

पुढच्या तुकड्यात एक लहान श्वासनलिका आडवी कापली गेली होती. बाईंनी भिंग बदलले. मग आणखी एक बदलले. नलिका गोल असायला हवी, होतीही. पण तिची आतली वाट गोल राहिली नव्हती. एका बाजूने फिकट गुलाबी थर चढत आला होता, एखादे भोक कुणीतरी ओल्या मातीने आतून लिंपत आणावे तसा, आणि हवा जायची जागा कडेला दबून चंद्रकोरीएवढी उरली होती. जमाव पांगल्यावर मागे राहते ते हे बांधकाम. याला 'सी' म्हणत. ए वर औषध असते. सी वर नसते. म्हणजे असते, पण ते वेग कमी करणारे. लिंपलेले पुन्हा खरवडून काढता येत नाही. एक नलिका अशी दिसली की न दिसणाऱ्या बाकीच्या पुष्कळ त्याच वाटेवर असतात.

"व्रणाचा रंग केलाय का? निळा?"

ज्युनियरने ॲप्रनच्या खिशातून दुसरी स्लाइड काढली. तिच्याही टोकाला पट्टी होती. मागायच्या आधीच तयार होती, याची बाईंनी मनाशी नोंद घेतली. पोराने पाहिले आहे तर. या रंगात व्रण निळा होतो. तो थर निळा होता, शंका घ्यायला जागा नाही इतका.

आता खरे तर काही पाहायचे उरले नव्हते. पण बाईंना एक सवय होती. फुफ्फुस पाहून झाले की प्रकाशाच्या वाटेत दोन खास काचा सरकवायच्या. त्याने सगळे चित्र अंधारते, आणि त्या माणसाने आयुष्यभर श्वासाबरोबर आत घेतलेली धूळ तेवढी चमकते. निदानाला याचा क्वचितच उपयोग. पण फुफ्फुस आपल्या माणसाचा पत्ता जपून ठेवते, असे त्यांना वाटे. भट्टीशी बसणाऱ्याचे वेगळे, गिरणीतल्याचे वेगळे, रस्त्याच्या कडेला दुकान मांडणाऱ्याचे वेगळे. सबंध दिवसाच्या कामात एवढी एकच गोष्ट त्या स्वतःसाठी करीत.

काचा सरकल्या. चित्र काळे झाले. आणि त्या लिंपलेल्या नलिकेभोवती कण उजळले. थोडेथोडके नव्हे, दाट, सुईच्या टोकासारखे धारदार, पांढरे, काही किंचित पिवळे.

बाईंचा हात सूक्ष्मदर्शकाच्या चाकावरच राहिला.

ही धूळ त्यांनी पाहिली होती. एकदाच. त्या दिवशी शस्त्रक्रियेच्या खोलीतून धावतपळत एक तुकडा आला होता, कुणा मेलेल्या माणसाच्या फुफ्फुसाचा, नाव नाही, फक्त क्रमांक. वापरता येईल की नाही ते ताबडतोब सांगा, असा निरोप. बाईंनी पाहिले, काचा सरकवल्या आणि तेव्हाही हात असाच थांबला होता. दगडाची धूळ होती. घडवणारा, फोडणारा किंवा घासून गुळगुळीत करणारा, कुणीतरी दगडाशी दिवस काढलेला माणूस. आजार मात्र नव्हता. वापरता येईल, असे त्यांनी कळवले. संध्याकाळी भावाला आत नेल्याचा फोन आला, आणि त्या दिवशी तशी एकच शस्त्रक्रिया झाल्याचे त्यांना मागाहून कळले, तेव्हा त्या जिन्यात एकट्याच बसून राहिल्या होत्या. फुफ्फुस कोणाचे ते सांगायचे नसते. त्यांनी कोणाला सांगितले नाही. ज्याला सांगायला हवे असे वाटे, त्याला तर नाहीच.

दगडाची धूळ पुष्कळांच्या छातीत असते, हे त्या विद्यार्थ्यांना शिकवीत आल्या होत्या. एवढ्यावरून माणूस ओळखता येत नाही, असेही सांगत. त्यांनी काचा काढल्या, पुन्हा सरकवल्या. कण तसेच होते. शेजारच्या गल्लीतले घर माणूस अंधारातही ओळखतो, त्याला पुरावा लागत नाही.

नाव झाकलेले होते. फुफ्फुस झाकलेले नव्हते.

"मॅडम?" ज्युनियर म्हणाला.

बाईंनी डोळे भिंगावरून उचलले नाहीत. उचलले असते तर चेहरा दाखवावा लागला असता. त्यांच्या मनात एक वाक्य तयार होत होते, आणि ते फार सभ्य वाक्य होते: तुकडा लहान आहे, नलिका एकच दिसते, नक्की सांगता येत नाही. असे वाक्य त्यांनी यापूर्वी लिहिले होते, खरेच तसे असताना. कोणी बोट ठेवले नसते. मग छातीचे डॉक्टर फक्त ए धरून चालले असते. धाकट्याला रोज शिरेतून औषधाचा मोठा डोस मिळाला असता, त्याने आधीच पोखरलेली हाडे आणखी पोखरली असती, साधा सर्दीपडशाचा जंतूही त्याला पुरला असता. आणि तो मात्र पलंगावर बसून सगळ्यांना सांगत राहिला असता, की थोडं सर्व्हिसिंग चालू आहे, आठवड्यात पहिल्यासारखा होईन.

त्यांनी मूळ रंगाची स्लाइड परत लावली. ती नलिका पुन्हा मध्यावर आणली. पुन्हा एकदा पाहिली, जणू कुणा दुसऱ्याचीच आहे. आणि मग खरोखर कुणा दुसऱ्याचीच आहे, हे त्यांच्या लक्षात आले.

"ए, सौम्य," बाई म्हणाल्या. आवाज रोजचाच निघाला. "आणि सी आहे."

"नक्की?"

"मूठ उघड."

त्याने मूठ उघडली. घामाने शाई पसरली होती. ए स्वच्छ वाचता येत होते. त्याच्याखाली सी, आणि सी पुढे प्रश्नचिन्ह.

"प्रश्नचिन्ह चालत नाही. सरांनी सांगितलं नाही तुला?"

"सांगितलंय."

"मग?"

तो तळहाताकडे पाहत राहिला.

"मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल. मला वाटलं, मलाच दिसतंय ते."

सवयीप्रमाणे पट्टी काढायला त्याने डावा हात पुढे केला.

"पट्टी राहू दे," बाई म्हणाल्या.

तो हात तिथेच थांबला. मग अगदी सावकाश मागे गेला. बाहेरच्या खोलीत कुणीतरी नळ सोडला, बंद केला. ज्युनियरचे कान लाल झाले होते. बाईंनी सर कुठे आहेत एवढेच विचारले, आणि मग तो एका दमात बोलत सुटला: सरांच्या सासऱ्यांना दुपारी अचानक दवाखान्यात नेले, सर गावाला गेले, छातीच्या डॉक्टरांचे सारखे फोन, उद्यापासून मोठा डोस सुरू करायचा की नाही ते आजच सांगा म्हणून, आणि सही करायला आपला धीर होईना. मॅडमना नाव दिसणार नाही, तर मॅडमना कळणार नाही, असे त्याने धरले. तसे त्याने धरले यात नवल नव्हते. या खोलीत सगळेच असे धरून चालत, की पट्टीखाली असते तेवढेच नाव.

बाईंना त्याच्यावर रागवायला हवे होते. त्यासाठी लागणारी ताकद त्यांनी शोधून पाहिली, सापडली नाही.

"माझं मत कुठे लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "सरांना फोन लाव. फोटो काढून पाठव, दोन्ही रंगांचे. ते सांगतील ते लिही."

"आणि ते वेगळं म्हणाले तर?"

"म्हणणार नाहीत."

तो उठला. दाराशी जाऊन थबकला, काही बोलायला तोंड उघडले.

"आणि हात धुऊन घे," बाई म्हणाल्या.

धाकटा रोज संध्याकाळी इस्पितळाच्या फाटकाशी येई. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो मालकांना फिरवायला आणत असे. फुफ्फुसे ज्याची होती त्याला तो मालक म्हणे, आणि स्वतःला भाडेकरू. खोकला आला की मालक कुरकुरतायत. झोप छान लागली की मालक आज खुशीत. आयुष्यभर त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या; खड्ड्यात उतरून, छतावर चढून, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी दाराच्या फटीतून गप्पा मारत. नवी फुफ्फुसे बसल्यावर तो लिफ्टमध्ये पाऊल टाकीनासा झाला. सगळ्या इमारतीला त्याने कारण सांगून ठेवले होते: "मी लिफ्टा आतून बघितल्यात हो. माझा नाही विश्वास." आणि तो बाईंच्या चौथ्या मजल्यापर्यंत शीळ घालत जिना चढे. शीळ बेसूर असे. कुणी नाक मुरडले तर म्हणे, सूर मालकांचा आहे, माझ्याकडे तक्रार नको.

आज तो फाटकाशी येरझारा घालत नव्हता; बाकावर बसला होता. गेल्या काही दिवसांपासून बसतच असे. बाईंना ते दिसत होते. दिसते ते पाहायचे नाही, एवढे कौशल्य घरापुरते त्यांनीही कमावले होते.

"उशीर केलास, ताई," तो उठत म्हणाला. "मालक ताटकळले."

"काम होतं."

"तुला कधी नव्हतं?"

दोघे चालू लागले. रस्ता सपाट होता, तरी बाईंनी पाऊल आखडते घेतले, आणि आखडते घेतले हे त्याला कळू नये म्हणून पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेण्यात वेळ काढला. धाकट्याने वाटेत कोपऱ्यावरच्या बँकेच्या लिफ्टची हकीगत सांगितली. तिथे नवा पोरगा नेमलाय कामावर, दार बंद होताना ठोकतंय, आणि हे महाशय दाराला तेल देतायत. अरे, दुखतंय गुडघ्यात आणि चोळतोयस पाठ. सांगताना मध्ये दोनदा तो थांबला. दोन्ही वेळा बुटाची नाडी पाहिली. नाडी सुटलेली नव्हती.

निकालाचे त्याने विचारले नाही. इतके महिने तपासण्या झाल्या, त्याने कधीच विचारले नव्हते. तो फक्त बाईंच्या चेहऱ्याकडे पाही. मी तुझं काही बघत नाही रे, नियम आहे, असे त्या म्हणत, आणि ते खरे असे. तुझा चेहरा कुठले नियम पाळतो, असे तो म्हणे. लहानपणी आईची चिनीमातीची बरणी फुटली तेव्हा बाईंनी चष्मा काढून फ्रॉकला पुसला होता आणि मांजराचे नाव घेतले होते. घरात मांजर नव्हते. तेव्हापासून बाईंचा हात चष्म्याकडे गेला की धाकटा म्हणायचा, मांजर आलं.

"उद्या सांगतील ना?" घराच्या फाटकाशी पोहोचल्यावर त्याने विचारले.

"उद्या."

बाईंचा हात वर गेला होता. तो त्यांनी केसांकडे वळवला.

तळमजल्यावर दिवा लागलेला होता. धाकटा जिन्याकडे न जाता लिफ्टशी गेला आणि बटण दाबून उभा राहिला. विनोद केला नाही. आठवडाभर तो लिफ्टनेच वर जात होता, आणि ते त्याने कधी गुडघ्यावर ढकलले होते, कधी हातातल्या पिशवीवर. आज काहीच सांगितले नाही. वरून लिफ्ट निघाल्याचा आवाज आला. तो मान किंचित कलती करून तो आवाज ऐकू लागला, आणि बाईंना त्याच्या मानेतल्या दोन शिरा दिसल्या, प्रत्येक श्वासाला ताणल्या जाणाऱ्या. एखादे कष्टाचे काम करावे तसा तो श्वास घेत होता.

उद्या छातीचे डॉक्टर त्याला खुर्चीत बसवतील. पाण्याचा पेला पुढे सरकवतील. त्यांना सांगायची सवय आहे, ते नीट सांगतील. आणि तो नेहमीप्रमाणे काहीतरी बोलून त्यांनाच हसवील, मग घरी येऊन बाईंना हसवील, मग रात्री एकटा पडून राहील. बाईंना हे सगळे आत्ताच दिसत होते. स्लाइड पाहावी इतके स्वच्छ. जे सांगायचे ते सांगणे त्यांचे काम नव्हते. पण कुणीतरी त्याला काहीतरी द्यायला हवे होते, ते खोटे असता कामा नये, आणि बाईंकडे तशी एकच वस्तू होती.

"मालक दगडाचं काम करत असावेत," त्या म्हणाल्या.

धाकट्याने मान वळवली नाही.

"कुठले मालक?"

"तुझे."

लिफ्ट खाली आली. दार उघडले, आतला पिवळा प्रकाश त्याच्या बुटांवर पडला. तो आत गेला नाही.

"दगडाचं म्हणजे?"

"घडवत असतील. किंवा घासत असतील. ते मला नाही सांगता येणार. पण दगडाजवळ पुष्कळ दिवस काढलेले. बारीक धूळ आहे आत. एरवी दिसत नाही. एका खास उजेडात चमकते."

दार आपोआप बंद झाले. प्रकाश त्याच्या बुटांवरून निघून गेला.

मालक कोण असतील, हे त्याने आजवर किती प्रकारे विचारले होते. पोस्टमन असतील, पोहणारा असेल, एखादा बँडवाला असेल, म्हणून तर शीळ बेसूर येते. बाई दर वेळी म्हणत, मला काय माहीत. आता माहीत होते असे निघाले, तर त्याने प्रश्नांची सरबत्ती करायला हवी होती. त्याने केली नाही. तो बंद दाराकडे पाहत होता. दाराच्या पत्र्यात दोघांची अंधूक रूपे दिसत होती.

"तुला कोणी सांगितलं?" त्याने विचारले.

"कोणी नाही."

"मग?"

बाईंचा हात चष्म्याकडे गेला नाही. दोन्ही हातांनी त्यांनी पर्सचा पट्टा धरला होता, आणि त्या त्याच्याकडे पाहत होत्या, सरळ, जसे त्यांनी इतक्या महिन्यांत एकदाही पाहिले नव्हते. धाकट्यानेही पाहिले. बराच वेळ पाहिले. मांजर आलं, असे तो म्हणाला नाही.

मग त्याने हळूच मान हलवली, दुकानदाराने सांगितलेला भाव पटावा तशी.

"दगडवाला," तो म्हणाला. "मग त्याला जिन्याचं काय कौतुक."

आणि तो जिन्याकडे वळला.

"अरे, लिफ्ट आहे खाली."

"असू दे. मी लिफ्टा आतून बघितल्यात."

बाई त्याच्या मागून चढू लागल्या. तो कठड्याला धरून एक पायरी घेई, दोन्ही पाय तिच्यावर ठेवी, मग दुसरी. पहिल्या मजल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला. दुसऱ्याच्या अलीकडे पायरीवरच बसला. बाईही बसल्या, एक पायरी खाली, पर्स मांडीवर घेऊन. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी घरात भांडी विसळली जात होती. कुणीतरी बटण दाबले असावे. भिंतीपलीकडून लिफ्ट वर निघाली, त्यांच्या शेजारून गेली, आणि धाकट्याने भिंतीला तळहात लावला. वैद्याने लावावा तसा. या आवाजांवरून तो निदान करी आणि ते कधी चुकत नसे, हे इमारतीला ठाऊक होते.

"काय म्हणतेय?" बाईंनी विचारले.

"दोर घासतोय." तो श्वास घेण्यासाठी थांबला. "लगेच काही होत नाही त्यानं. पण घासतोय."

"कळवायला पाहिजे."

"कळवलंय ना," तो म्हणाला.

लिफ्ट वर कुठेतरी थांबली. दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला. धाकट्याने भिंतीवरचा हात काढला आणि तो थोडा वेळ तसाच रिकामा धरून ठेवला. मग छातीवर नेला, शर्टाच्या गुंड्यांवर, अगदी हलकेच.

"खूप चमकते?" त्याने विचारले.

"खूप."

"आजपण?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. पायरीवर अंधार होता, त्यामुळे ती त्याला दिसली की नाही ते त्यांना कळले नाही. त्याने कठडा धरला आणि उठायला लागला, तेव्हा त्यांनी हात पुढे केला नाही. फक्त त्याच्याबरोबर उठल्या, आणि तो पुढची पायरी कधी घेतो त्याची वाट पाहत उभ्या राहिल्या.